नगरमध्ये जन्मलेला सोंगाड्या

१६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला ब्रिटिश फौजेतल्या एका आयरिश सैनिकाच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं टेरेन्स ॲलन मिलिगन. नऊ दिवसांनी, २५ एप्रिलला, त्याच गावात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात आणखी एक मुलगा जन्मला. त्याचं नाव शाहू मोडक.

दोघंही पुढे नट झाले आणि दोघांनीही आयुष्यभर सोंगं वठवली. मोडकांनी कृष्ण केला, एकदोनदा नाही, तब्बल २९ चित्रपटांत. मिलिगन 'स्पाइक' या नावानं ब्रिटनच्या रेडिओवर, रंगभूमीवर आणि टीव्हीवर गाजला. इंग्रजी विनोदाची दिशा बदलणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचं नाव घेतलं जातं. मॉन्टी पायथनच्या क्लिप्स तुम्ही पाहिल्या असतील, तर त्या विनोदाचा एक झरा कुठून आला हे तुम्हाला नकळत ठाऊक आहे.

'स्पाइक मिलिगनचा जन्म अहमदनगरचा' ही गोष्ट आपण बहुतेक वेळा क्विझमधल्या प्रश्नासारखी वापरतो. उत्तर दिलं, टाळी घेतली, संपलं. त्या एका ओळीत थोडा अभिमानही असतो: बघा, आमच्या नगरचा! मला मात्र त्या ओळीपाशी थोडं थांबावंसं वाटतं. कारण नगरला जन्मल्याचा परिणाम या माणसाच्या आयुष्यात नंतर दोनदा ठसठशीतपणे दिसला. एकदा कायद्याच्या कागदावर आणि एकदा टीव्हीच्या पडद्यावर. दोन्ही गोष्टी अभिमान वाटावा अशा नाहीत, पण त्या कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

आधी नगर. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं इथला भुईकोट किल्ला जिंकला आणि गावाला लागून इंग्रजांचं लष्कर येऊन बसलं. ती छावणी पुढे हललीच नाही. भिंगार कॅम्पात आज जे लष्करी जग दिसतं त्याची मुळं तिथे आहेत. पहिल्या महायुद्धात इथे जर्मन कैद्यांचा आणि नजरकैदेतल्या नागरिकांचा तळही होता. अशा गावात तोफखान्यातला एक आयरिश सैनिक, लिओ मिलिगन, आपल्या इंग्रज बायकोसह, फ्लॉरेन्ससह, राहत होता.

इथे एक योगायोग सांगायला हवा. ज्या आठवड्यात नगरला लिओच्या घरी पाळणा हलला, त्याच आठवड्यात त्याच्या मायदेशी, आयर्लंडमध्ये, इंग्रजांनी लादू पाहिलेल्या सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध देश पेटला होता. २३ एप्रिलला तिथे सार्वत्रिक संप झाला. म्हणजे ज्या साम्राज्याच्या फौजेत जायला आयर्लंडमधली पोरं नकार देत होती, त्याच फौजेची नोकरी करणारा एक आयरिश माणूस गुलाम हिंदुस्थानात बंदूक घेऊन उभा होता. मिलिगन घराणं साहेबाच्या बाजूचं खरं, पण साहेबांतही वरच्या पंगतीतलं नाही.

छावणीतल्या मुलांना गाव नसतं, बदली असते. स्पाइकचं बालपण मुख्यत्वे पुण्यात गेलं आणि नंतर रंगूनला. पुण्यात तो 'कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी'मध्ये शिकला. वडील हौशी कलावंत होते. सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते गात, नाचत, नकला करत. म्हणजे घरात गणवेश होता आणि गणवेशाची टिंगलही होती.

पुण्याच्या शाळेतल्या नाताळच्या नाटकाची एक आठवण स्पाइक सांगत असे. आठ वर्षांच्या स्पाइकला त्यात विदूषकाचं काम होतं. शेवटच्या प्रसंगात बाळ येशूच्या पाळण्याभोवती सगळे जमतात, तेव्हा विदूषकानं बाहेर थांबायचं असं त्याला सांगितलेलं. हा गेला घुसून. विदूषकालाही पाळण्याजवळ जागा असायला हवी, असं त्याला वाटलं. त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की वाटतं, हा माणूस सतत कुठल्या ना कुठल्या पाळण्याजवळ जाऊ पाहत होता आणि कुणीतरी त्याला 'तू बाहेर थांब' म्हणत होतं.

तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला मिलिगन कुटुंब इंग्लंडला आलं. नोकरचाकर असलेलं छावणीतलं घर गेलं आणि आग्नेय लंडनमधल्या कामकरी वस्तीतलं, थंडीचं, ओढाताणीचं जगणं वाट्याला आलं. ज्याला सगळे 'आपला देश' म्हणत होते तो या मुलाला पूर्ण परका होता. त्यानं छोट्यामोठ्या नोकऱ्या केल्या, ट्रम्पेट शिकला, जॅझ वाजवू लागला. 'स्पाइक' हे नावही त्यानं स्पाइक जोन्स या अमेरिकी बँडवाल्यावरून उचललेलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. वडिलांसारखाच तोही तोफखान्यात गेला. उत्तर आफ्रिका, नंतर इटली. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत तो जखमी झाला. शरीराची जखम भरली, पण तोफांच्या माऱ्यानं मन मोडलं ते मोडलंच. पुढे आयुष्यभर त्याला नैराश्याचे आणि उन्मादाचे झटके येत राहिले, पुन्हा पुन्हा इस्पितळात जावं लागलं. १९९३ मध्ये त्यानं अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नैराश्यावर एक पुस्तकच लिहिलं. 'हसवणारे लोक आतून दुःखी असतात' हे गुळगुळीत वाक्य मला इथे वापरायचं नाही. स्पाइक आजारी होता, आणि त्या आजारातही तो दर आठवड्याला अर्ध्या तासाचा विनोद लिहून देत होता, एवढंच खरं.

तो अर्धा तास म्हणजे 'द गून शो'. २८ मे १९५१ ला बीबीसी रेडिओवर तो 'क्रेझी पीपल' या नावानं सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि स्पाइक हे त्यातलं मुख्य त्रिकूट. लिखाणाचा बहुतेक भार स्पाइकवर. आज आपण ज्याला 'रँडम' विनोद म्हणतो, म्हणजे कथेला शेंडाबुडखा नाही, एक आवाज भलत्याच जागी येतो, तर्क उलटा चालतो आणि तरी हसू आवरत नाही, तो सगळा कारखाना इथे होता. रेडिओला चेहरा नसतो, त्यामुळे काहीही शक्य होतं. आवाज बदलला की माणूस बदलला.

त्या आवाजांत दोन आपल्याकडचे होते: मिस्टर बॅनर्जी आणि मिस्टर लालकाका. सेलर्स आणि स्पाइक हिंदुस्थानी हेल काढून त्यांचे संवाद म्हणत. बंगाली आडनाव आणि पारशी आडनाव, दोघं बोलतात मात्र एकाच सुरात. ज्यानं पुण्यात लहानपण काढलं त्याच्या कानात हे आवाज मुरलेले असणार. पण त्याच कार्यक्रमात मेजर ब्लडनॉक नावाचं आणखी एक पात्र होतं: हिंदुस्थानी फौजेतून निवृत्त झालेला, भित्रा, पैसे खाणारा, ढेकर देणारा गोरा अधिकारी. छावणीतला पोरगाच असा मेजर लिहू शकतो. बॅनर्जी-लालकाकांची टर उडवली जात होती तशी साहेबाचीही, किंबहुना साहेबाची जास्त. गून शोच्या जगात सगळेच येडे होते. त्यातही बरोबरी होती.

रेडिओनंतर तो रंगमंचाकडे वळला. जॉन अँट्रोबसबरोबर त्यानं 'द बेड-सिटिंग रूम' हे नाटक लिहिलं. १९६२ मध्ये ते कँटरबरीला आणि १९६३ मध्ये लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये आलं. अणुयुद्धानंतर एका लॉर्डसाहेबांना भीती वाटत असते की आपलं रूपांतर भाड्याच्या खोलीत होणार, आणि ते खरोखर होतं. हे वाचून हसू आलं असेल, तर १९६२ हे क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचं वर्ष होतं हेही लक्षात घ्या.

मग १९६४ मध्ये 'ओब्लोमोव्ह'. गोंचारोव्हच्या रशियन कादंबरीतला अंथरुणातून न उठणारा जमीनदार. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या लिरिक थिएटरमध्ये नाटक लागलं. गंभीर नाटकाची त्याला सवय नव्हती आणि पहिला प्रयोग फसला. पुढच्या प्रयोगांपासून त्यानं संहिता सोडली आणि मनाला येईल ते बोलू लागला. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाला टोक, सहकलाकाराला कोड्यात टाक, मध्येच नाटकातून बाहेर ये. नाटक इतकं बदललं की नावही बदलून 'सन ऑफ ओब्लोमोव्ह' झालं आणि वेस्ट एंडच्या कॉमेडी थिएटरमध्ये तुफान चाललं. एप्रिल १९६५ मध्ये राणी एलिझाबेथ आपल्या वाढदिवसाला हे नाटक पाहायला आली होती.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. त्याच सुमारास आपल्याकडे दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हेच करत होते. वसंत सबनीसांची संहिता होती, पण रोजचा पेपर वाचून रोज नवे टोमणे. वगातला सोंगाड्या राजाला काहीही बोलू शकतो, कारण तो सोंगाड्या आहे. इंग्रजांच्या नाट्यगृहात मात्र हे अघटित होतं. स्पाइकनं ही रीत नगर-पुण्यात पाहिली असं मी म्हणणार नाही, तो ओढूनताणून जोडलेला धागा होईल. पण त्याला समजून घ्यायला मला इंग्रजी 'कॉमेडियन'पेक्षा 'सोंगाड्या' हा शब्द जास्त उपयोगी पडतो.

मार्च १९६९ मध्ये बीबीसीवर त्याची 'क्यू फाइव्ह' ही मालिका आली. विनोदाला शेवट हवाच कशाला, असं म्हणून स्किट अर्ध्यात सोडून द्यायचं. मॉन्टी पायथनची मंडळी तेव्हा आपला कार्यक्रम रचत होती. त्यांना ही मालिका पाहून धक्का बसला, कारण त्यांना जे करायचं होतं ते स्पाइकनं करून टाकलं होतं. 'क्यू फाइव्ह'चे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच त्यांनी पुढे आपल्याकडे घेतलं.

आता कायद्याच्या कागदाची गोष्ट. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्पाइकनं ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. तेव्हा कळलं की तो आपोआप ब्रिटिश ठरत नाही. जन्म हिंदुस्थानातला, वडील आयरिश. राणीशी निष्ठेची शपथ घ्या, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला. ज्या राजाच्या तोफा ओढताना आपण जखमी झालो, त्याच्या गादीशी निष्ठा आता कागदावर सिद्ध करायची? १९६२ मध्ये तो आयरिश नागरिक झाला आणि मरेपर्यंत आयरिशच राहिला. ब्रिटननं पुढे त्याला सीबीई आणि नाइटहूड दिलं, पण दोन्ही 'मानद', म्हणजे परदेशी माणसाला देतात तसं.

हे वर्ष महत्त्वाचं आहे. १९६२ मध्येच ब्रिटननं राष्ट्रकुल देशांतून येणाऱ्यांवर पहिल्यांदा निर्बंध घालणारा कायदा आणला. त्याचा रोख उघड होता: वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून येणारे काळे-सावळे लोक. साम्राज्य असताना सगळे 'राणीची प्रजा' होते, साम्राज्य आवरतं घेताना कोण आपलं आणि कोण परकं याच्या याद्या होऊ लागल्या. १९६८ मध्ये केनियातल्या आशियाई लोकांना रोखायला संसदेनं अवघ्या तीन दिवसांत आणखी कडक कायदा केला. साम्राज्य आवरताना नगरला जन्मलेला एक गोरा विदूषकही यादीबाहेर राहिला. 'जन्मस्थळ: अहमदनगर' या दोन शब्दांनी त्याला तेवढ्यापुरतं आपल्या माणसांच्या रांगेत आणून उभं केलं होतं.

इथवर गोष्ट फार छान आहे. इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता.

पण १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये, 'क्यू फाइव्ह'च्याच वर्षी, लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर 'करी अँड चिप्स' ही मालिका सुरू झाली. लेखक जॉनी स्पाइट. कारखान्यात कामाला लागलेला एक स्थलांतरित, नाव केविन ओ'ग्रेडी: बाप आयरिश असल्याचं सांगणारा पाकिस्तानी. ही भूमिका स्पाइकनं केली, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. त्याच्याभोवतीचे कामगार त्याला वंशद्वेषी शिव्या घालतात आणि प्रेक्षक हसतात. हेतू वंशद्वेष्ट्यांचीच टर उडवण्याचा आहे, असं लेखकाचं म्हणणं होतं. तक्रारी इतक्या आल्या की नियामक संस्थेनं सहा भागांनंतर मालिका बंद करायला लावली. तरी १९७५ मध्ये स्पाइकनं बीबीसीसाठी 'द मेल्टिंग पॉट' लिहिली आणि पुन्हा चेहरा रंगवून बेकायदा आलेला स्थलांतरित झाला. एकच भाग दाखवला गेला, बाकीचे डब्यात राहिले.

केविन ओ'ग्रेडीचं वर्णन पुन्हा वाचा. बाप आयरिश. जन्म उपखंडातला. ब्रिटनमध्ये उपरा. हे तर जवळजवळ स्पाइकचंच चरित्र आहे! फरक फक्त कातडीच्या रंगाचा. आणि तो फरकच सगळं काही होता. स्पाइक संध्याकाळी रंग धुऊन घरी जाऊ शकत होता. ज्यांचा रंग धुतला जात नव्हता त्यांच्या मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेत तीच वाक्यं, त्याच हेलात, ऐकावी लागत होती. रेडिओवरचे बॅनर्जी-लालकाका निदान येड्यांच्या जगातले दोन येडे होते. टीव्हीवर चेहरा आला आणि ती बरोबरी संपली. ज्याला पाळण्याबाहेर थांबवलं होतं, त्यानंच इथे दुसऱ्यांना बाहेर ठेवणाऱ्या हशाला आपला आवाज दिला.

'त्या काळात चालायचं' असं म्हणून मला हे सोडून देता येत नाही, कारण त्या काळातही लोकांनी तक्रारी केल्याच होत्या. पण त्याच्या नावावर काट मारून मोकळं होणंही जमत नाही. उपरेपण सोसलेला माणूस दुसऱ्याचं उपरेपण ओळखेलच, अशी आपली एक भाबडी समजूत असते. स्पाइकची कारकीर्द ती समजूत मोडते.

आता पुन्हा शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती समाजाला अमेरिकन मराठी मिशनचा १८३१ पासूनचा इतिहास आहे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं आयुष्य याच मातीत घडलं. त्या समाजातला हा देखणा मुलगा १९३२ मध्ये 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाला. १९३९ मध्ये 'माणूस'मधला गणपत हवालदार झाला आणि १९४० मध्ये प्रभातच्याच 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका ख्रिस्ती नटानं पडद्यावर ज्ञानेश्वर उभे केले आणि महाराष्ट्रानं त्यांना मनापासून स्वीकारलं. तेही सोंगच होतं: जो आपण नाही तो होण्याचं. पण ते सोंग ज्यांच्या श्रद्धेचं होतं, त्यांची मान त्यामुळे उंच झाली. केविन ओ'ग्रेडीच्या सोंगानं ज्यांचं सोंग घेतलं त्यांची मान खाली गेली. माझ्यापुरती कसोटी हीच आहे. 'दुसऱ्याचं सोंग घ्यावं की नाही' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. सोंग उतरल्यावर ज्याचं सोंग घेतलं तो माणूस कसा घरी जातो, हा खरा प्रश्न.

१९९८ मध्ये बीबीसी टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम आला. मीरा स्याल, संजीव भास्कर आणि मंडळी ब्रिटनमध्ये वाढलेल्या आशियाई पिढीची. कार्यक्रमाचं नावच त्यांनी पीटर सेलर्सनं हिंदुस्थानी हेलात गायलेल्या एका जुन्या गाण्यावरून उचललं. ज्या हेलावर ब्रिटन त्यांच्या आईवडिलांना हसलं होतं, तो त्यांनी परत घेतला आणि आता गोऱ्यांवर हसायची पाळी आणली. गून मंडळींना मिळालेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

स्पाइक २७ फेब्रुवारी २००२ ला इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात वारला. आपल्या थडग्यावर 'मी आजारी आहे असं तुम्हाला सांगितलं होतं ना' असं लिहावं, ही त्याची इच्छा. चर्चच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत असा विनोद नको होता. शेवटी ते वाक्य आयरिश भाषेत कोरायला परवानगी मिळाली. नगरला जन्मलेला, पुण्यात-रंगूनला वाढलेला, इंग्रजीत लिहिणारा हा माणूस विंचल्सीच्या चर्चच्या आवारात अशा भाषेतल्या ओळीखाली झोपला आहे, जी तिथून जाणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नाही.

नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. उद्या कुणी गावातल्या कलावंतांची यादी केली तर शाहू मोडक तिच्यात हक्कानं असतील, सदाशिव अमरापूरकर असतील. स्पाइक मिलिगनही असावा, असं माझं मत आहे. पण त्याच्या नावापुढे मेजर ब्लडनॉक आणि केविन ओ'ग्रेडी या दोघांचीही नोंद हवी.